शेंगाचटणीच्या डब्याचं झाकण

बजाबाई: थांब. थांब जरा, हलू नगंस. ऐकलंस का?

प्रेमला: काय ऐकायचंय आत्या? अर्धा तास झाला, घर कसं चिडीचूप आहे.

बजाबाई: ठण्ण झालं. पत्र्याचा आवाज.

प्रेमला: उंदीर असेल.

बजाबाई: उंदीर डबा कुरतडतो. झाकन उघडनारा उंदीर दोन पायांचा असतो.

प्रेमला: अस्सं! कुठनं आला आवाज?

बजाबाई: कॉटखालनं. तुज्या लग्नातल्या ट्रंकंच्या मागनं.

प्रेमला: छे, तिथं मी मघाशीच वाकून बघितलं. शेजारच्या चिमाबाईंना सांगूनसुद्धा आले की, गोदू घरात नाहीच म्हणून. त्या बिचाऱ्या बोळातल्या नळापर्यंत हाका मारत गेल्या.

बजाबाई: नसंल तर नसंल. आपुन दोघीच जाऊ दवाखान्यात. डॉक्टरबाईला हाडच पायजे नव्हं? तुजं दे, न्हाय तर माजं दे.

प्रेमला: तुमचं कसं चालेल? तुमच्या हाडात सुई घातली तर नुसती मिसरी निघेल.

बजाबाई: आनि तुज्यात च्या.

गोदू: चहा पातळ असतो आजी. हाडातनं गळून जाईल.

बजाबाई: बघ! उंदीर बोलला.

प्रेमला: गोदू, बाहेर ये.

गोदू: मी घरात नाहीये. तूच सांगितलंस चिमाबाईंना.

प्रेमला: टांगा येईल आता. बाबांनी मिलमध्ये जाताना सांगून ठेवलाय.

गोदू: टांगा गेला की येते.

प्रेमला: अजून आलाच नाही तर जाईल कसा?

गोदू: मग आला, की गेला, की येते.

प्रेमला: तोंडात काय आहे तुझ्या?

गोदू: दात.

प्रेमला: आणि दातांत?

गोदू: शेंगाचटणी. थोडीच.

प्रेमला: गोदू! मीठ बंद सांगितलंय ना तुला?

गोदू: मी मीठ नाही खाल्लं. शेंगा खाल्ल्या. आणि लसूण खाल्ला. मीठ आपलं आपण आलं मागनं.

बजाबाई: वकील हुनार ही. अंगात काळा कोट तेवडा कमी हाय.

प्रेमला: लपायचंच होतं, तर डबा कशाला घेऊन गेलीस आत?

गोदू: किती वेळ लपायचंय ते कुठं ठाऊक होतं? मधेच भूक लागली म्हणजे?

बजाबाई: खरं हाय की. लांबच्या वाटंला निघताना मानूस शिदुरी घेतंच.

प्रेमला: आत्या, तुम्ही तिची बाजू घेऊ नका. सकाळपासून दोन भाकऱ्या, वाटीभर वरण, चिमाबाईंकडं जाऊन उप्पीट, नि आता हे. इवलं पोट ते, घालते कुठं कोण जाणे.

बजाबाई: खाऊ दे गं. पोर खातंय म्हंजे—

प्रेमला: म्हणजे काय?

बजाबाई: काय न्हाय.

गोदू: मी नाही खात, गोळ्या खातात. डॉक्टरबाईच म्हणाल्या, ही भूक गोळ्यांची आहे, तुझी नाही. तू गोळ्यांना रागाव.

प्रेमला: बरं, गोळ्यांना रागावते. तू बाहेर ये, केस विंचरू दे.

गोदू: कुठले केस? आजी म्हणते डोक्यावर मोजून मक्याची तुसं राहिलीत.

बजाबाई: मी लाडानं म्हनले की! मक्याची तुसं कशी रेशमावानी असत्यात.

प्रेमला: गोदू, पहिल्या वेळी सुई कशासाठी घातली होती? आठवतंय?

गोदू: हाडात काय आहे ते बघायला.

प्रेमला: आणि आज?

गोदू: ते गेलंय का ते बघायला.

प्रेमला: इतकं सगळं कळतं, मग कॉटखाली का?

गोदू: माझ्या तोंडाकडं बघून नाही का कळत? गाल बघ की. चिमाबाई म्हणतात भोपळा झालाय. वर्गातल्या मुली म्हणतात गोदू गोबरी. आजीच्या केम गावातले सगळे म्हणाले, बरी झाली पोर. मग बरीच झाले की मी.

प्रेमला: गालांवरून कळत असतं, तर डॉक्टरबाईंनी हाडापर्यंत कशाला जायचं बाळा? गाल गोळ्यांनी फुगलेत. आत काय आहे ते आतच बघायला लागतं. हो की नाही आत्या?

बजाबाई: …व्हय.

प्रेमला: आजी पण हो म्हणाली. चल.

गोदू: तीन अटी आहेत.

प्रेमला: बोल.

गोदू: लाल रिबीन बांधायची.

प्रेमला: कशाला बांधू? तुसांना?

गोदू: डोक्याभोवती बांध. दुसरी अट, आजीनं बिनमिठाची चटणी कुटायची.

बजाबाई: बिनमिठाची? अगं, ती चटनी न्हवं, शेंगाचं पीठ झालं. बरं बाई, कुटते. तुज्यापायी तेबी करते.

गोदू: तिसरी अट तुला नाही सांगणार, ती डॉक्टरबाईंना. आमची पैज आहे. मी सातचा पाढा म्हणायचा. पाढा संपायच्या आत सुई बाहेर निघाली नाही, तर त्यांनी मला ते कानातलं यंत्र घालायला द्यायचं.

प्रेमला: आणि निघाली तर?

गोदू: तर मी रडायचं नाही.

बजाबाई: आनि पाढा चुकला तर?

गोदू: आजी, तुला येतो का सातचा?

बजाबाई: मला सात लेकरांची नावं येत्यात. तेवडा बास. ये भाईर. कोपरं छिलली असतील तुजी.

*

प्रेमला: टेका आत्या, या बाकड्यावर. दार लावलं त्यांनी. आता आपण बाहेरच.

बजाबाई: तुला का न्हाय घेतलं आत? आई हाईस तू तिची.

प्रेमला: मागच्या वेळी मी घेरी येऊन पडले ना. गोदूला सोडून सगळे माझ्याभोवती. डॉक्टरबाई म्हणाल्या, मला एका वेळी एकच पेशंट झेपतो.

बजाबाई: मोठी धीराची! माज्या शरदला बायकू वाघीन केली म्हनून गावभर सांगितलं मी.

प्रेमला: वाघीण होते हो. सुई बघेपर्यंत.

बजाबाई: लई मोठी असती?

प्रेमला: दाभणासारखी. कमरेच्या मागच्या हाडात घालतात. आधी बधिर करायचं इंजेक्शन देतात. पण आतला मगज ओढताना दुखतंच, ते बधिर होत नाही. तो थेंब लगेच काचेवर पसरायचा, नाहीतर गोठतो. तो दवाखान्यातला मायाप्पा काचा घेऊन उभाच असतो. मग त्यावर जांभळा रंग घालतात, म्हणजे पेशी दिसतात. आणि आज हाडाचा काडीसारखा बारीक तुकडाही घेणार आहेत. तो मऊ करायलाच तीन-चार दिवस जातात. मग दोन्ही बघून सांगणार.

बजाबाई: जांभळा रंग? आमच्या केमात घरोघरी कुंकू करत्यात, पर जांभळं कुनी केलं न्हाय.

प्रेमला: मायाप्पाला न्या की केमला. धंदा वाढेल.

बजाबाई: जांभळं कुंकू लावून कोन हुभी ऱ्हाईल दारात? तुज्याबिगर?

प्रेमला: शू. ऐका. सुरू केला तिनं.

गोदू (दारापलीकडून): सात एके सात! सात दुणे चौदा!

बजाबाई: केवड्यांदा वरडती!

प्रेमला: ओरडू दे. ओरडतेय तोवर ठीक.

बजाबाई: तू माजा हात सोड. नखं रुतली.

प्रेमला: आत्या, मला एकाच गोष्टीचं बरं वाटतं. मागच्या महिन्यात ते कॅन्सरचं कळलं, तेव्हापासून आजचा अठ्ठाविसावा दिवस. आठवड्याचं एक इंजेक्शन चुकवलं नाही, की दिवसाची एक गोळी चुकवली नाही. आज काचेवर काय दिसायचं ते दिसो, आपल्या हातून कसूर झाली असं तरी कुणी म्हणणार नाही.

बजाबाई: प्रेमा.

प्रेमला: मला मुंबईला नाही नेता आलं तिला, पण जे इथं सांगितलं ते सगळं केलं.

बजाबाई: प्रेमा, ही गाठ सोड माजी. बोटांनी सुटंना.

प्रेमला: पदराची? आत्ता? मिसरी नंतर लावा की, दवाखाना आहे हा.

बजाबाई: मिसरी न्हाय. सोड तू.

प्रेमला: केवढी घट्ट बांधलीय! काय ठेवलंय एवढं… आत्या? या गोळ्या आहेत.

बजाबाई: व्हय.

प्रेमला: गोदूच्या गोळ्या आहेत या.

बजाबाई: व्हय.

गोदू (दारापलीकडून): सात त्रिक एकवीस! सात चोक… सात चोक…

प्रेमला: किती दिवसांच्या?

बजाबाई: चार. मला मोजता येत न्हाय, पर चार दीस झाले त्ये ठावं हाय.

गोदू (दारापलीकडून): …अठ्ठावीस!

प्रेमला: रोज सात गोळ्या. सकाळी दोन, दुपारी दोन, रात्री तीन. मी तुम्हाला बोटं धरून शिकवलं होतं.

बजाबाई: शिकवलं हुतंस.

प्रेमला: मला फ्लू झाला, डॉक्टरबाई म्हणाल्या घरातल्या तापापासून पोरीला लांब ठेवा, म्हणून मी तिला तुमच्याबरोबर केमला धाडली. स्टेशनवर खिडकीतून तुमच्या हातात डबी दिली. तुम्ही म्हणालात, काळजी करू नकोस.

बजाबाई: पयल्या दिशी दिल्या गं. सगळ्या दिल्या. मग दुसऱ्या दिशी सकाळी उठली, नि माज्याकडं बघून अशी हासली. गाल कसे फुगलेले, तोंड भरलेलं. दोन भाकरी खाल्ल्या, वर दूध प्याली. दारातनं जाईल ती बाई म्हनं, बजाबाई, नात बरी झाली तुजी. बहात्तरच्या दुष्काळात लेकरांची तोंडं कशी खोल गेली हुती, ती बघितलेली मानसं आमी. आमच्यात भरलेलं तोंड म्हंजे बरं झालेलं तोंड. बऱ्या लेकराच्या पोटात औशीद कशाला घालायचं? उष्न पडंल, असं वाटलं मला.

प्रेमला: आणि मग?

बजाबाई: मग पाचव्या दिशी निपचित पडली. उठवली तर उठंना. मला वाटलं उन्हात खेळली. सहाव्या दिशी तुज्याकडं आनली, तू गोळी दिलीस, दोन दिसात परत उड्या मारायला लागली. तवा मला उमगलं, गोळ्या बंद केल्या त्येचंच हुतं त्ये. मग कुनाला सांगायचं? टाकवंना, ठिववंना. बांधून फिरती हाय.

प्रेमला: पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस.

बजाबाई: शिव्या दे. काय बी म्हन. पर अशा मोजत नगं बसू गं बाई.

प्रेमला: गोदूला तरी कळलं नाही ना हे?

बजाबाई: तिला समदं ठावं हाय.

प्रेमला: काय?

बजाबाई: तीच म्हनली, आजी, आईला सांगू नगंस, तुला रागावंल. मी न्हाय सांगनार, तू न्हाय सांगायचं. काल राती माज्या कुशीत शिरून इचारत हुती, आजी, सुईला कळतं का गं कुनी गोळ्या खाल्ल्या न्हाईत त्ये?

प्रेमला: म्हणून लपली ती.

बजाबाई: सुईला भिऊन न्हाय लपली. सुई माजं नाव सांगंल म्हनून लपली.

प्रेमला: अगं बाई गं.

बजाबाई: रडू नगंस. आत पोर पाढं म्हनती नि भाईर आई रडती, बरं दिसत न्हाय.

प्रेमला: मी रडत नाही. हसतेय की रडतेय ते कळत नाहीये मला. शेंगाचटणीचा डबा घेऊन तुम्हाला वाचवायला निघाली होती ती.

बजाबाई: निम्मी चटनी खाल्ली वाचवता वाचवता.

गोदू (दारापलीकडून): सात नव्वे त्रेसष्ट! सात दाहे सत्तर! बाई, संपला! सुई कुठाय? बाई, सुई आतच आहे! आता आठचा म्हणू का?

प्रेमला: जिंकली.

बजाबाई: दार उघडलं की मी सांगते डॉक्टरबाईला.

प्रेमला: मी सांगते आत्या. तुम्हाला नीट मांडता यायचं नाही.

बजाबाई: यात मांडायचं काय हाय? हात माजा हुता, तोंडबी माजंच पायजे. तू फकस्त शेजारी हुभी ऱ्हा. वाघीन हाईस का न्हाईस?

प्रेमला: आहे. आणि खरं सांगू? केमहून आलात त्या दिवशी मी पण डबी उघडून मोजल्या नव्हत्या. गोदूचे गाल बघितले, आणि मलाही बरंच वाटलं होतं.

*

बजाबाई: आलीस व्हय! चपला ऱ्हाऊ देत पायात. आधी बोल.

प्रेमला: पाणी तरी—

बजाबाई: तांब्या हितं उंबऱ्यातच आनून ठिवलाय. पी आनि बोल. न्हाय, बोल आनि मग पी. पाच दीस झाले, माजा जीव टांगनीला लागलाय.

प्रेमला: गोदू कुठाय?

बजाबाई: लपाछपी चाललीया. माज्यावर राज्य हाय. चिमाबाईकडं गेली असंल, मी काय हुडकायला गेले न्हाय. बरं हाय, तुला मोकळं बोलता यील.

प्रेमला: आत्या, बसा तुम्ही.

बजाबाई: बसायला लावू नगंस. बसा म्हनलं की वाईट असतं.

प्रेमला: उभ्याच राहा मग. चांगलं आहे.

बजाबाई: …बसते.

प्रेमला: अहो, खाली नको, चटई तरी घ्या! आत्या, चांगलं आहे. डॉक्टरबाईंनी मलाच पेशी बघायच्या यंत्रातून बघायला लावलं. आधी महिन्यापूर्वीची काच, मग या वेळची. म्हणाल्या, तुम्हीच सांगा फरक काय तो.

बजाबाई: आनि दिसलं तुला? घेरी न्हाय आली?

प्रेमला: काचेला बघून कुणाला घेरी येते? पहिल्या काचेवर सगळ्या एकसारख्या हो. मोठ्या, गडद जांभळ्या, खेटून खेटून बसलेल्या. दुसरं काही उगवायला जागाच नाही.

बजाबाई: रानात हरळी माजती तसं.

प्रेमला: तसंच. आणि या वेळच्या काचेवर लहान, मोठ्या, गुलाबी, ठिपक्यांच्या, नाना तऱ्हा. शाळा सुटल्यावर पोरं बाहेर पडतात ना, तशा. बाई म्हणाल्या, या चांगल्या. या परत उगवल्यात. त्या वाईट पेशी एकसुद्धा ओळखून दाखवता येत नाही आता. शंभरात दोन-तीन तशा दिसतात, पण तेवढ्या तुमच्या-माझ्या हाडातही सापडतील. हाडाच्या तुकड्यातही तेच निघालं.

बजाबाई: माज्या चार दिसांनी…?

प्रेमला: तुमच्या चार दिवसांनी बाई तुम्हाला रागावणार आहेत. सोमवारी बोलावलंय. पण म्हणाल्या, घरची माणसं सहसा सांगतच नाहीत, या आजी पुढं होऊन बोलल्या. म्हणून त्यांनी दोन इंजेक्शनं वाढवलीत, आणि महिन्याभरानं पुन्हा एकदा सुई घालून बघणार आहेत.

बजाबाई: पुन्यांदा?

प्रेमला: आणि गोळ्या तीन वर्षं. वेगळ्या, पण गोळ्याच.

बजाबाई: चांगलं निगालं म्हनलीस की तू.

प्रेमला: मी पण हेच विचारलं. बाई म्हणाल्या, दिसत नाहीत एवढं मी लिहून देते. संपल्या असं आज मला कुणी लिहून मागू नका. दिसत नाहीत त्या कुठं दडून बसल्या असतील, तर माझ्या यंत्राला कळत नाही.

बजाबाई: खरं बोलती बाई. हरळी खुरपून घेतली की रान साफ दिसतं. पर खाली मुळ्यांच्या काशा असत्यात. नांगरामागं हिंडून हातानं येचायला लागत्यात. एका वर्साचं काम न्हवं त्ये. तीन वर्सं म्हनली त्ये बराबर हाय.

प्रेमला: तुम्हाला कळलं? मला बाईंनी दोनदा समजावलं.

बजाबाई: तू हरळी बघितलीस का कदी? तुजं म्हायेर शाळामास्तराचं.

प्रेमला: झालं माझं माहेर काढून! चला, जेवायला घेऊ. हे चुलीपाशी पातेलं कसलं? आमटी? …आत्या, यात मीठच नाही. गोदूची आमटी मी सकाळी वेगळी काढून गेले होते.

बजाबाई: माजी हाय ती.

प्रेमला: तुम्ही कधीपासून अळणी खायला लागलात?

बजाबाई: पाच दीस झाले. गप बस. शरदला सांगू नगंस.

प्रेमला: म्हणून तुम्ही म्हणायच्या, तुम्ही वाढून घ्या, मी मागनं बसते!

बजाबाई: लई वंगाळ लागतं गं. पोर महिनाभर कसं खाती कुनाला ठावं. आता आन त्यो डबा. आज बोटभर चटनी खाते. मिठाची.

प्रेमला: थांबा, देते. कुठाय डबा? इथं फळीवर होता. आत्या, डबा जाग्यावर नाही.

बजाबाई: न्हाय?

प्रेमला: नाही. आणि गोदू चिमाबाईंकडं गेलेली तुम्ही डोळ्यांनी बघितलीत का?

बजाबाई: आता गं बाई. आज ठण्ण तर झालं न्हाय.

गोदू: मी आज झाकण आधीच काढून ट्रंकेवर ठेवलं होतं.

प्रेमला: गोदू! बाहेर ये. कधीपासून आहेस तिथं?

गोदू: आजी शंभर मोजायला लागली तेव्हापासून. आजीला वीसच येतात. पाच वेळा वीस म्हणते.

बजाबाई: त्याचं शंभरच हुतं की.

गोदू: आई, मी जिंकले का? काचेवर?

प्रेमला: जिंकलीस गं राणी. ये, इकडं ये. तोंड पूस आधी. कानाला पण चटणी? कानानं खाल्लीस की काय?

गोदू: ते कानातलं यंत्र दिलं ना बाईंनी मला पैजेचं, ते मी कमरेला लावून बघितलं होतं. हाडात काहीच आवाज येत नाही.

प्रेमला: हाडाला कुठला आवाज बाळा?

गोदू: त्या दिवशी तू खाली वाकून बघितलंस तेव्हा मी ट्रंकेमागं होते. तुला दिसलेच नाही. तू चिमाबाईंना म्हणालीस, घरात नाहीच.

प्रेमला: हो, फसवलंस की मला.

गोदू: पण होते ना मी. झाकण पडलं म्हणून सापडले.

बजाबाई: व्हय, झाकनानं घात केला तुजा.

गोदू: मग आई, त्या पेशी पण अशाच कुठं मागं बसल्या असतील, तर त्यांचं झाकण पडल्यावर आपल्याला ऐकू येईल का गं?